मुठीतली कमाई कुणाची?

१९५५ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात परीक्षकांनी दोन बालकलाकारांचा खास गौरव केला. एक होता स्पेनचा पाब्लितो काल्वो आणि दुसरी मुंबईची बेबी नाझ. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ कानला गाजला तो पुढच्या वर्षी, १९५६ मध्ये. म्हणजे त्याच्याही एक वर्ष आधी एका भारतीय मुलीच्या अभिनयाची दखल जगातल्या एका मोठ्या महोत्सवानं घेतली होती. या मुलीचं खरं नाव सलमा बेग. जन्म १९४४ चा, मुंबईचा. चित्रपट होता राज कपूर यांच्या आर. के. फिल्म्सचा ‘बूट पॉलिश’. तो १९५४ साली पडद्यावर आला, तेव्हा ती दहा वर्षांची होती.

आज आमच्या जळगावात किंवा धुळ्यात सलमा बेग कोण म्हणून विचारलं, तर फार थोड्यांना सांगता येईल. मीनाकुमारी, मधुबाला, नर्गिस ही नावं मात्र घराघरात ठाऊक आहेत. खान्देशात सिनेमाचं वेड जुनं आहे. भुसावळ हे रेल्वेचं मोठं जंक्शन, शिवाय चित्रपट वितरणाचंही केंद्र. तिथून रिळांचे डबे गावोगावच्या टॉकीजमध्ये जात. आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या खाला आणि फुफी आजही या नट्यांबद्दल बोलतात, ते घरातल्या कुणा लेकीबद्दल बोलावं तसं. आणि बोलणं संपतं ते नेहमी एकाच वाक्यावर: ‘तकदीर फूटी थी बेचारी की.’

तकदीर हा शब्द आला की हिशेब थांबतो. सगळं वरून लिहून आलेलं, मग विचारायचं काय आणि कुणाला? मला मात्र या मुलींचा हिशेबच मांडायचा आहे. त्यांनी किती वर्षं काम केलं, कुणासाठी केलं आणि त्या कमाईवर हक्क कुणाचा होता? हा प्रश्न नाझपासून सुरू होतो. तो तिच्याजवळ संपत मात्र नाही, आपल्या आजच्या घरांपर्यंत येतो.

पडद्यावरची बेलू

‘बूट पॉलिश’ची गोष्ट साधी आहे. भोला आणि बेलू ही पोरकी भावंडं. त्यांना सांभाळणारी काकी त्यांना भीक मागायला लावते. दिवसभर जमवलेले पैसे संध्याकाळी तिच्या हातात द्यायचे, कमी पडले तर मार खायचा. झोपडपट्टीतला जॉन चाचा त्यांना शिकवतो की भीक मागू नका, हातानं काम करा. मुलं पै पै साठवून पॉलिशची डबी आणि ब्रश घेतात. मग पाऊस येतो, धंदा बसतो, भावंडांची ताटातूट होते आणि शेवटी भेटही होते. दिग्दर्शक होते प्रकाश अरोरा. जॉन चाचाचं काम डेव्हिड यांनी केलं, भोलाचं रतन कुमार यांनी. फिल्मफेअरचा त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपटाचा पुरस्कार ‘बूट पॉलिश’ला मिळाला.

या गोष्टीत खलनायक कोण आहे? मुलांची कमाई हिसकावून घेणारी काकी. प्रेक्षक तिच्यावर चिडतात, मुलांसाठी रडतात. पण त्या प्रेक्षकांपैकी किती जणांच्या मनात आलं असेल, की बेलूचं काम करणारी ही मुलगीसुद्धा कामावरच आलेली आहे? तिची सकाळ शाळेत न जाता स्टुडिओत उजाडते आहे. तिच्या कामाचेही पैसे मिळतात आणि तेही मोठ्यांच्याच हातात जातात. पडद्यावर ज्याची चीड येते, ते पडद्यामागे कुणाला दिसतही नाही. इथं कुणाला दुष्ट ठरवायचं नाही. स्टुडिओत मुलीला घेऊन येणारे आईबाप बहुतेक वेळा गरजेनं गांजलेलेच असत. तरीही प्रश्न उरतोच.

त्या काळचा कायदाही इकडे पाहत नव्हता. १९३८ चा बालकामगारांविषयीचा कायदा रेल्वे, बंदरं आणि काही ठरावीक धंद्यांपुरता होता. १९४८ चा कारखाने कायदा कारखान्यांपुरता. राज्यघटनेचं चोविसावं कलम चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखाने, खाणी आणि धोक्याच्या कामांपासून वाचवतं. सिनेमाचा स्टुडिओ यातल्या कशातच बसत नव्हता. तिथे काम करणारं मूल कामगार नव्हतं, ते ‘बेबी’ होतं किंवा ‘मास्टर’.

‘बेबी’ नावाची पिढी

नाझ काही पहिली नव्हती. तिच्या आधी एक अख्खी पिढी याच वाटेनं गेली होती, आणि त्यात मुस्लिम घरांतल्या मुली बऱ्याच होत्या.

नर्गिसचं पाळण्यातलं नाव फातिमा रशीद. आई जद्दनबाई गायिका, संगीतकार आणि निर्मात्या. १९३५ च्या ‘तलाश-ए-हक’मध्ये नर्गिस पडद्यावर आली, तेव्हा ती सहा वर्षांची होती. पुढे १९४३ मध्ये मेहबूब खान यांनी तिला नायिका केलं. तेव्हा ती चौदाची होती. त्या चित्रपटाचं नाव ‘तकदीर’!

मीनाकुमारी म्हणजे महजबीन बानो. वडील अली बक्ष हार्मोनियम वाजवत, आई इकबाल बेगम. घरात तीन मुली आणि कायमची ओढाताण. १९३९ मध्ये विजय भट्ट यांच्या ‘लेदरफेस’मध्ये सहाएक वर्षांच्या महजबीनला घेतलं गेलं. पहिल्या दिवसाचे पंचवीस रुपये मिळाले. पुढच्या वर्षी ‘एक ही भूल’मध्ये तिचं नाव झालं बेबी मीना. १९५२ च्या ‘बैजू बावरा’नं ती मोठी नटी झाली आणि फिल्मफेअरचा सर्वोत्तम अभिनेत्रीचा पहिलावहिला पुरस्कार तिलाच मिळाला. ४ फेब्रुवारी १९७२ ला ‘पाकिज़ा’ प्रदर्शित झाला आणि ३१ मार्चला ती गेली. वय अडतीस. सहाव्या वर्षापासून अडतिसाव्यापर्यंत, म्हणजे तब्बल तेहतीस वर्षं काम. सरकारी नोकरीतला माणूस एवढ्या वर्षांनी पेन्शनवर जातो!

मधुबाला म्हणजे मुमताज जहाँ बेगम. वडील अताउल्लाह खान यांची नोकरी गेली, घरात खाणारी तोंडं पुष्कळ. १९४२ च्या ‘बसंत’मध्ये बॉम्बे टॉकीजनं तिला घेतलं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. चौदाव्या वर्षी ‘नीलकमल’मध्ये राज कपूरची नायिका. काळजात जन्मतःच दोष होता, तरी ती काम करत राहिली आणि घर चालवत राहिली. २३ फेब्रुवारी १९६९ ला ती वारली. तेव्हा तिचं वय फक्त छत्तीस होतं.

हे फक्त मुस्लिम घरांचंच होतं असं मात्र समजू नये. कोल्हापुरात जन्मलेली नंदा ही मास्टर विनायक यांची मुलगी. १९४७ मध्ये वडील वारले आणि १९४८ च्या ‘मंदिर’मध्ये बेबी नंदा पडद्यावर दिसली. धर्म वेगळा, घरातली भाषा वेगळी, पण कारण तेच. कमावता माणूस गेला किंवा हरला की घराचा भार लहान मुलीच्या खांद्यावर येई. हा गरिबीचा आणि पोटापाण्याचा इतिहास आहे. त्याला एका समाजाची बदनामी करून घेऊ नये आणि दुसऱ्यानं त्यावर शेरेही मारू नयेत.

मात्र मुस्लिम घरांतल्या या मुलींवर दुहेरी ओझं होतं. एकीकडे त्यांच्याच कमाईवर चुली पेटत होत्या, दुसरीकडे त्याच कमाईमुळे शरीफ मोहल्ला त्यांना दार उघडायला कचरत होता. ‘फिल्मवाली’ हा शब्द आमच्याकडे कौतुकानं कमी आणि टोमणा म्हणून जास्त वापरला गेला. पैसा चालला, ती चालली नाही. ‘बेबी’ या उपाधीत ना बापाचं नाव होतं ना घराण्याचं. ते कदाचित सोयीचंही होतं. घराला पैसे मिळत आणि घराण्याचं नावही पाटीवर येत नसे.

मुलं शाळेत परतली

कानला नाझबरोबर ज्याचा गौरव झाला, तो पाब्लितो काल्वो पुढे काय झाला? किशोरवयातच त्यानं सिनेमा सोडला आणि मोठेपणी तो इंजिनिअर झाला.

आपल्याकडचं उदाहरण तर थेट खान्देशाशी जोडलेलं आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी पुढे ‘श्यामची आई’ लिहिलं. आचार्य अत्रे यांनी त्यावर १९५३ मध्ये चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. ‘बूट पॉलिश’ त्यानंतर वर्षभरात आला. श्यामचं काम केलेले माधव वझे पुढे शिकले, इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाट्यदिग्दर्शक आणि नाट्यसमीक्षक म्हणून नावारूपाला आले. बालपणीची ती भूमिका त्यांच्या आयुष्यातला एक सुंदर टप्पा राहिली. ते अख्खं आयुष्य झालं नाही.

‘बूट पॉलिश’मधला भोला म्हणजे रतन कुमार. खरं नाव सय्यद नझीर अली. ‘दो बीघा ज़मीन’मधला मुलगाही तोच. १९५६ मध्ये त्याचं कुटुंब पाकिस्तानात गेलं आणि तिथे तो चित्रपटांचा नायक झाला. म्हणजे भोला मोठा होऊन नायक झाला. बेलूच्या वाट्याला नायिकेचं स्थान आलं नाही. ती हिंदी सिनेमातच राहिली आणि मिळेल ते काम करत राहिली.

तीन-चार उदाहरणांवरून नियम काढता येत नाही, हे मान्य. मुलगे राबले नाहीत असंही नाही. हॉटेलात, गॅरेजमध्ये, लूमवर आजही राबतात. तरी एक फरक डोळ्यांत भरतो. मुलाचं शिकणं ही घराची गुंतवणूक समजली जाई. मुलीचं शिकणं ही हौस होती, आणि अडचणीच्या काळात हौस आधी बंद होते. मीनाकुमारीला नियमित शाळा मिळालीच नाही. तिनं उर्दू स्वतःच्या हिमतीवर आपलंसं केलं आणि नज़्मा लिहिल्या. योगायोग असा की शायरीसाठी तिनं घेतलेला तखल्लुस होता ‘नाझ’. एका मुलीनं पडद्यासाठी घेतलेलं नाव दुसरीनं वहीसाठी घेतलं होतं.

साहेबाच्या देशात

आता जरा विलायतेकडे पाहू. नाझहून दोन वर्षांनी लहान असलेली हेली मिल्स १९४६ मध्ये लंडनला जन्मली. वडील जॉन मिल्स हे इंग्लंडचे नावाजलेले नट. १९५९ मध्ये ‘टायगर बे’ चित्रपटात ती वडिलांबरोबरच दिसली आणि बर्लिन महोत्सवात तिचा सन्मान झाला. लगेच अमेरिकेच्या डिस्नी कंपनीनं तिला करारबद्ध केलं. १९६० च्या ‘पॉलियाना’साठी तिला लहान मुलांसाठीचं खास ऑस्करही मिळालं. सलमा आणि हेली यांची सुरुवात ही अशी जवळजवळ सारखी. दोघींचं कौतुक युरोपातल्या मोठ्या महोत्सवांत झालं, चार वर्षांच्या अंतरानं.

हेलीची कमाई ट्रस्टमध्ये ठेवली गेली होती. ती सज्ञान झाल्यावर तिला कळलं की त्या पैशांवर इंग्लंडच्या प्राप्तिकर खात्यानं दावा सांगितला आहे आणि कराचा दर नव्वद टक्क्यांच्याही वर आहे. प्रकरण कोर्टात गेलं, थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचलं आणि १९७४ मध्ये निकाल तिच्या विरोधात लागला. बालपणीच्या कमाईतला फार मोठा भाग सरकारजमा झाला.

म्हणजे साहेबाच्या देशातही पोरीच्या मुठीत फारसं काही उरलं नाही! पण फरक लक्षात घेण्यासारखा आहे. तिथे ट्रस्ट होता, खातं होतं, हिशेबाची वही होती. पैसा किती आला आणि कुठे गेला हे कागदावर होतं. म्हणूनच तिला भांडता आलं. हरली, पण भांडून हरली. आपल्याकडच्या महजबीन, मुमताज आणि सलमा यांच्या कमाईसाठी असं वेगळं खातं ठेवण्याचं बंधन कुणावरच नव्हतं. मग भांडायचं कशाच्या आधारावर?

अमेरिकेत हा धडा त्याहूनही आधी शिकला गेला होता. चार्ली चॅप्लिनबरोबर १९२१ च्या ‘द किड’मध्ये चमकलेला जॅकी कूगन मोठा झाला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की लाखो डॉलर्सची कमाई आई आणि सावत्र बापानं उडवून टाकली आहे. १९३८ मध्ये त्यानं दावा लावला, हाती आलं फारच थोडं. पण त्या प्रकरणातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला आणि बालकलाकाराच्या कमाईतला काही भाग वेगळा ठेवण्याची तरतूद झाली. १९३९! याच वर्षी इकडे मुंबईत महजबीनला पहिले पंचवीस रुपये मिळत होते.

आवाज कुणाचा, चेहरा कुणाचा

‘बूट पॉलिश’नंतर नाझला काम भरपूर मिळालं. बिमल रॉय यांच्या १९५५ च्या ‘देवदास’मध्ये लहानपणची पारो तीच. १९५८ च्या ‘लाजवंती’मध्ये नर्गिस आणि बलराज साहनी यांची मुलगी. हा चित्रपटही पुढच्या वर्षी कानला स्पर्धेत होता. १९५९ मध्ये गुरुदत्त यांचा ‘काग़ज़ के फूल’ आला, भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्यात नाझ नायकाची मुलगी पम्मी झाली. आईबाप वेगळे झालेत, शाळेत मुली चिडवतात, आणि ही पोर बापाच्या आयुष्यातून बाजूला व्हा असं सांगायला थेट वहिदा रहमानसमोर जाऊन उभी राहते. मोठ्यांच्या भांडणात पिचलेलं मूल तिनं असं उभं केलं आहे की अभिनय वाटत नाही.

तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. बालकलाकारासाठी हे वय म्हणजे खिंड. ‘बेबी’ म्हणावं तर मोठी, नायिका म्हणावं तर लोकांच्या डोळ्यांसमोर अजून बेलूच. मधुबाला आणि नर्गिस ही खिंड चौदाव्या वर्षीच ओलांडून गेल्या. नाझ अडकली. पुढे तिच्या वाट्याला नायकाची बहीण, नायिकेची मैत्रीण अशा भूमिका आल्या. ‘कटी पतंग’मध्ये ती पूनम झाली. थोड्याच वेळात मरून जाणारी तरुण विधवा, जिच्या नावानं पुढे आशा पारेख जगते. १९७० मध्ये मनमोहन देसाई यांचा ‘सच्चा झूठा’ आला. राजेश खन्ना भोला आणि त्याची अपंग बहीण नाझ. त्या बहिणीचं नाव काय? बेलू. सोळा वर्षांनंतरही सिनेमावाल्यांच्या लेखी ती बेलूच राहिली होती आणि तिला भाऊ पुन्हा भोलाच मिळाला होता.

अभिनेते सुब्बीराज यांच्याशी तिचं लग्न झालं. पडद्यावरची कामं कमी होत गेली, तेव्हा तिनं आवाजाचं काम धरलं. दक्षिणेतून आलेल्या श्रीदेवीला सुरुवातीला हिंदी नीट येत नव्हतं. १९८० नंतरच्या काळात श्रीदेवीच्या सुरुवातीच्या हिंदी चित्रपटांना नाझनं आवाज दिला. देशभर टॉकीजमध्ये शिट्ट्या वाजत होत्या, चेहरा श्रीदेवीचा होता आणि गळा सलमा बेगचा. १९८९ च्या ‘चांदनी’पासून श्रीदेवी स्वतःच्या आवाजात बोलू लागली. श्रीदेवीही चार वर्षांची असल्यापासून तमिळ सिनेमात काम करत होती. एका ‘बेबी’नं दुसऱ्या ‘बेबी’ला आवाज उसना दिला, असा हा सगळा प्रकार.

१९९५ मध्ये मुंबईत नाझचं निधन झालं, अवघ्या एकावन्नाव्या वर्षी. कान महोत्सवात गौरवली गेलेली ही मुलगी चाळीस वर्षं काम करत राहिली, आणि त्यातला बराचसा काळ लोकांना तिचं नावही दिसत नव्हतं.

शरीयत काय सांगते

आमच्याकडे या विषयावर बोलताना धर्म फक्त एकाच बाजूनं काढला जातो: मुलीनं पडद्यावर जावं की जाऊ नये. या वादात मला इथे पडायचं नाही. ज्यांना ते नाजायज वाटतं, त्यांच्यासाठीही पुढचा प्रश्न शिल्लक राहतोच, की मुलीनं कमावलंच, तर ते पैसे कुणाचे?

यावर इस्लामची भूमिका स्पष्ट आहे. सूरह निसाच्या बत्तिसाव्या आयतीत पुरुषांनी जे कमावलं त्यात त्यांचा वाटा आणि बायकांनी जे कमावलं त्यात त्यांचा, असा सरळ सिद्धान्त येतो. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण हक्क मिळायला १८८२ चा कायदा यावा लागला. आपण हा हक्क सातव्या शतकापासून अभिमानानं सांगतो. याच सूरहच्या सहाव्या आयतीत यतीमांच्या मालाबद्दल हुकूम आहे. ते समजत्या वयाचे झाले की त्यांचा माल त्यांच्या हवाली करावा, पालक सधन असेल तर त्यानं त्याला हात लावू नये, गरीब असेल तर रीतीप्रमाणे गरजेपुरतं घ्यावं, आणि माल परत देताना साक्षीदार ठेवावेत. म्हणजे हिशेब ठेवणं हीसुद्धा दीनी जबाबदारी ठरते.

हा हुकूम यतीमांसाठी आहे, ज्यांचे आईबाप हयात आहेत त्यांना तो लागू नाही, असं कुणी म्हणेल. एक हदीसही पुढे केली जाते, की तू आणि तुझा माल तुझ्या बापाचा. पण बहुसंख्य फुकहांनी, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांनी, याचा अर्थ मालकी असा लावलेला नाही. बाप गरजू असेल तर त्याचा खर्च चालवणं हे सधन मुलाचं कर्तव्य, एवढाच त्याचा अर्थ. नाबालिग मुलाच्या नावावर जे आहे ते मुलाचंच. बाप त्याचा वली, राखणदार. राखणदार शेताचा मालक होत नाही.

याचा अर्थ असा की अली बक्ष किंवा अताउल्लाह खान यांनी लेकीच्या पैशानं घरात पीठ आणलं, तर त्यात गुन्हा नव्हता. भुकेल्या घरात दुसरं काय होणार? पण पिठाच्या पलीकडे जे होतं ते लेकीचं होतं आणि तिला त्याचा हिशेब मिळायला हवा होता. मोहल्ल्यानं या मुलींना पडदा सोडल्याबद्दल वर्षानुवर्षं बोल लावले. त्यांच्या आईबापांना मात्र हिशेबाची वही कुणी मागितली नाही. ज्या आयतीचा आपण सभांमधून अभिमान सांगतो, ती घराच्या उंबऱ्यापाशी अडखळली.

आता स्टुडिओ घरात आहे

हा सगळा जुना इतिहास म्हणून बाजूला ठेवता आला असता, तर मी लिहिलंही नसतं. पण आज स्टुडिओ मुंबईत राहिलेला नाही, तो आपल्या ओसरीवर आला आहे. अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ लाखो लोक पाहतात. धुळे, जळगाव, मालेगाव या पट्ट्यात मोबाईलवर रील्स आणि विनोदी व्हिडिओ बनवणारे पुष्कळ आहेत आणि त्यात लहान मुलंही दिसतात. सहा-सात वर्षांची पोरगी डोळे मोडून संवाद म्हणते, लोक हसतात, व्ह्यूज वाढतात, जाहिरातीचे पैसे येतात. ते येतात अब्बाच्या किंवा काकाच्या खात्यात. कुणाची नियत वाईट असते असं नाही. ‘तिच्यासाठीच तर करतोय’ हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे. ते मनापासून दिलेलं असतं. तिच्या नावाचं खातं आहे का, असं विचारलं की मात्र विषय बदलतो.

कायदा आता पूर्वीइतका गप्प नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आली, पण मनोरंजन क्षेत्रातल्या बालकलाकारांना काही अटींवर सूट मिळाली. २०१७ च्या नियमांनी त्या अटी स्पष्ट केल्या. निर्मात्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही आणि सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. शाळा बुडता कामा नये. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं मुदत ठेवीत ठेवायचा, तो त्याला सज्ञान झाल्यावर मिळतो.

हे नियम निर्माता आणि कंपनी डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. घरीच बाप कॅमेरा धरतो आणि मुलगी नाचते, तिथे परवानगी कोण कुणाकडे मागणार? जगात इतरत्र याचा विचार सुरू झाला आहे. फ्रान्सनं २०२० मध्ये इंटरनेटवर चमकणाऱ्या मुलांच्या कमाईबद्दल कायदा केला. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १ जुलै २०२४ पासून असा कायदा लागू आहे आणि मुलांच्या वाट्याचे पैसे वेगळे ठेवणं आईबापांवर बंधनकारक आहे. आपल्याकडे तसा कायदा येईल तेव्हा येईल. शरीयतचा हुकूम मात्र आधीपासून हजर आहे आणि त्याला कुणा दंडाधिकाऱ्याच्या सहीची गरज नाही.

आपल्या जुम्माच्या तकरीरींमध्ये मोबाईलवर, बेपर्दगीवर, नव्या पिढीच्या बिघडण्यावर बरंच बोललं जातं. त्यातली पाच मिनिटं लेकरांच्या कमाईच्या अमानतीला द्यायला काय हरकत आहे? मीनाकुमारीच्या तकदीरीवर हळहळणाऱ्या आमच्या खाला-फुफींनाही हे सांगायला हवं, की ती तकदीर आकाशातून पडलेली नव्हती. ती घरात, गरजेपोटी आणि बिनहिशेबी तयार झाली होती. जी गोष्ट माणसांनी केली, ती माणसांना बदलताही येते.

तेव्हा ज्यांच्या घरात अशी कमावती लेक किंवा लेक असेल, त्यांच्याकडे माझी एवढीच मागणी आहे. आधी तिची शाळा सांभाळा. जवळच्या बँकेत किंवा पोस्टात तिच्या नावानं खातं उघडा आणि जे येईल त्यातला वाटा दर महिन्याला न चुकता त्यात टाका. घरखर्चाला घेतलं तर तेही वहीत लिहून ठेवा. आणि ती अठरा वर्षांची झाली की दोन साक्षीदार बोलवा, चहा करा आणि त्यांच्यासमोर ते पासबुक तिच्या हातात द्या.